बोंडातलं बीटी कोण वाचतं?

“बीटी हाय म्हणते, मंग अळी काहून येते?”

दसरा-दिवाळीच्या दिवसांत अकोट, तेल्हारा, दर्यापूर, अंजनगाव सुर्जी या पट्ट्यातल्या कुठल्याही धुऱ्यावर उभं राहा, हा प्रश्न कानावर पडतोच. त्याचं ठरलेलं उत्तरही सगळ्यांना पाठ झालंय : अळीला सवय झाली, तिच्यात प्रतिकारशक्ती आली. उत्तर खरं आहे, पण अर्धं. उरलेलं अर्धं पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, पेशीत दडलेलं आहे आणि त्याची चर्चा ना कृषी मेळाव्यात होते, ना बियाण्याच्या जाहिरातीत. बियाण्यात बीटीचा, म्हणजे अळीला मारणारं विष बनवणारा जिवाणूचा, जीन आहे, हे मान्य. पण तो जीन बोंडाच्या सालीत, ऐन ऑक्टोबरात, किती वाचला जातो? आणि वाचतं कोण?

आधी बोंड पाहू. पंचवीसएक दिवसांचं हिरवं, टणक बोंड तोडून हातात घेतलं तर बाहेरून काहीच दिसत नाही. गुलाबी बोंडअळी अंड्यातून निघाल्यावर फार तर दिवसभरात आत शिरते आणि तिनं पाडलेलं टाचणीएवढं छिद्र पुढे बुजून जातं. बोंड फोडलं की सालीच्या आतल्या पांढऱ्या अस्तरावर फोडासारखे उंचवटे आणि एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात गेलेलं बारीक, गोल भोक दिसतं. अळी लहान असेल तर पांढुरकी, मोठी असेल तर अंगावर गुलाबी पट्टे. तिचं खरं अन्न रुई नव्हे, सरकी. सरकी पोखरून आतला गर खाल्लेला असतो, कधी दोन सरक्या एकमेकींना चिकटवून मधे ती बसलेली असते. भोवतालची रुई पिवळी पडते, पुढे तिचा कवडी कापूस होतो आणि बाजारात भाव पडतो. फुलातच अळी असली तर पाकळ्या उमलतच नाहीत, त्याची डोमकळी होते. तीच काय ती बाहेरून दिसणारी खूण.

बीटीचं विष पोचायला हवं ते नेमकं इथं : बोंडाच्या सालीत, फुलाच्या अंडाशयात, सरकीत. आणि नेमकं इथंच ते सगळ्यात कमी असतं.

हे मी माझ्या मनचं सांगत नाही. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतले केशव क्रांती आणि त्यांचे सहकारी यांनी बीटी येऊन तीनच वर्षं झाली असताना, २००५ मध्ये, ‘करंट सायन्स’मध्ये मोजमापं छापली. त्या वेळी बाजारात असलेल्या बीटी संकरित वाणांची पानं, पाती म्हणजे कळ्या, फुलं, बोंडं घेऊन त्यांनी क्राय१एसी हे बीटीचं विषारी प्रथिन मोजलं. पानांत सर्वांत जास्त, त्याखालोखाल पात्यांत, मग बोंडांत आणि फुलांत. झाड जसं वयानं वाढतं तसं प्रथिन घटत जातं, काही वाणांत झपाट्यानं. हिरव्या बोंडअळीला रोखायला ऊतीच्या दर ग्रॅममागे साधारण १.९ मायक्रोग्रॅम प्रथिन लागतं, असं त्यांचं गणित होतं. पेरणीनंतर ११० दिवसांच्या सुमारास पातळी त्याखाली जात होती.

हे ११० दिवस वऱ्हाडच्या पंचांगावर मांडून पाहा. मृगाच्या पावसावर जूनच्या मध्यात पेरलं तर ऑक्टोबरचा पहिला आठवडा. बोंडं भरायची वेळ. आणि फरदड घेतली, म्हणजे वेचणी संपल्यावरही पाणी-खत देऊन पीक फेब्रुवारी-मार्चपर्यंत ओढलं, तर कितीतरी आठवडे झाड उभं असतं आणि विष नावापुरतं असतं. अळी मारायला अपुरं, पण अळ्यांतल्या चिवट अळ्या निवडून काढायला पुरेसं.

आता मूळ प्रश्न. जीन तोच, झाड तेच, सुरुवातीला चार पानांवर तो जोमानं चालतो. मग पुढे काय बिघडतं?

पेशीतल्या डीएनएवर जीन हा मजकूर असतो. त्याची आरएनएमध्ये नक्कल करणारं यंत्र म्हणजे आरएनए पॉलिमरेज. हे यंत्र आपणहून कुठल्याही जीनवर जाऊन बसत नाही. जीनच्या आधी डीएनएचा एक तुकडा असतो, त्याला प्रमोटर म्हणतात. त्यावरची पाच-सहा अक्षरांची छोटी छोटी ठिकाणं ओळखून काही प्रथिनं तिथं चिकटतात. ही अ‍ॅक्टिव्हेटर प्रथिनं. त्यांचा एक भाग डीएनए धरतो, दुसरा भाग मोकळा असतो आणि तो इतर प्रथिनांना पकडतो. ती प्रथिनं आणखी काहींना, आणि त्या साखळीच्या शेवटी पॉलिमरेज जीनवर आणून बसवलं जातं. जीन किती वाचला जाईल, हे जीनच्या मजकुरात लिहिलेलं नसतं. ते या पकडापकडीवर ठरतं.

बीटी कापसातल्या क्राय१एसीच्या जीनपुढे जोडलेला प्रमोटर कापसाचाही नाही आणि जीन जिथून घेतला त्या जिवाणूचाही नाही. तो कॉलिफ्लॉवरवर मोझेक रोग आणणाऱ्या विषाणूचा आहे, नाव ३५एस. या विषाणूचं सगळं डीएनए जेमतेम ८,००० अक्षरांचं. त्यातला काही शे अक्षरांचा हा तुकडा न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात नाम-हाय चुआ यांच्या प्रयोगशाळेनं १९८५ मध्ये नीट नकाशावर आणला. १९८७ मध्ये कॅल्जीन कंपनीतल्या रॉबर्ट के आणि सहकाऱ्यांनी त्याचा वरचा भाग दोनदा जोडून पाहिला, तर जीनचं वाचन दसपटीच्या घरात गेलं. ही दुहेरी केलेली आवृत्ती पुढे बोलगार्ड या पहिल्या बीटी कापसात आली. २६ मार्च २००२ रोजी केंद्राच्या समितीनं जालन्याच्या महिको कंपनीच्या मेक-१२, मेक-१६२ आणि मेक-१८४ या वाणांना मंजुरी दिली, तेव्हा वऱ्हाडच्या काळ्या मातीत हा प्रमोटर रीतसर उतरला.

पाठ्यपुस्तकं ३५एसला ‘सदा चालू’ असणारा प्रमोटर म्हणतात. सगळ्या अवयवांत, सगळ्या वेळी. कंपन्यांनी तो त्याचसाठी निवडला. पण चुआ यांच्याच प्रयोगशाळेनं ही समजूत सैल केली होती, तीही बीटी भारतात येण्याच्या बारा-तेरा वर्षं आधी. फिलिप बेन्फी आणि चुआ यांनी ३५एसचे तुकडे करून ते तंबाखूच्या रोपांत वेगवेगळे घालून पाहिले. जीनच्या लगतचा तुकडा मुख्यतः मुळांत काम करत होता, त्यापलीकडचा खोडापानांत. म्हणजे ‘सदा चालू’ हा गुण एका जागेचा नव्हताच. अनेक हंगामी कामगारांच्या पाळ्या एकमेकींना लागून आल्या की कारखाना अखंड चालल्यासारखा दिसावा, तसा तो दिसत होता. एक जरी पाळी रिकामी गेली तरी तेवढं काम थांबणार.

१९८९ चा त्यांचा आणखी एक प्रयोग मला फार आवडतो. ३५एसवर टीजीएसीजी ही पाच अक्षरं जवळजवळ दोनदा येतात. एरिक लॅम यांनी त्यांतली काहीच अक्षरं बदलली, तर मुळांतलं वाचन कोसळलं. मग त्यांनी उलटं केलं. वाटाण्याचा एक जीन आहे, तो फक्त हिरव्या भागांत वाचला जातो. त्याच्या प्रमोटरमध्ये हे छोटं ठिकाण नेऊन बसवलं, तर तो मुळांतही वाचला जाऊ लागला. वीसेक अक्षरांच्या फेरफारात जीनचा पत्ता बदलला.

त्या पाच अक्षरांना धरणारी प्रथिनं टीजीए या नावानं ओळखली जातात. ती जोडीनं काम करतात आणि ती विषाणूची नाहीत, झाडाची आहेत. झाडावर रोग आला की सॅलिसिलिक आम्ल वाढतं, एनपीआर१ नावाचं प्रथिन टीजीएंना येऊन मिळतं आणि बचावाचे जीन सुरू होतात. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या गटानं ‘नेचर’मध्ये या भेटीचं चित्रच दाखवलं : मधे एनपीआर१ ची जोडी, तिच्या दोन्ही बाजूंना टीजीएची एकेक जोडी, सगळे मिळून डीएनएवर बसलेले. झाड रोगाविरुद्ध जे लोक उभे करतं, त्यांनाच कामाला लावून विषाणू आपले जीन वाचून घेतो. या लबाडीला दाद द्यावीच लागते. आणि तीच लबाडी आपण बोंडअळीसाठी उसनी घेतली.

हे अ‍ॅक्टिव्हेटर आपल्या भागीदारांना धरतात तरी कसे? जीवशास्त्रात प्रथिनांच्या भेटी चोख घडवलेल्या असतात, खाचेत खुंटी बसावी तशा, असं आपण शिकलो. इथं तसं नाही. अ‍ॅक्टिव्हेटरचा मोकळा भाग बहुधा आकारहीन असतो, आम्लधर्मी आणि मधूनमधून तेलकट स्वभावाच्या कड्यांचा. १९८८ मध्ये अमेरिकेत मार्क टाश्ने यांच्या गटानं यीस्टमधला गॅल४ हा अ‍ॅक्टिव्हेटर तंबाखूच्या पेशींत घातला, तर तिथंही तो जीन चालू करू लागला. बुरशीच्या आणि झाडाच्या वाटा वेगळ्या होऊन शंभर कोटींहून जास्त वर्षं लोटली, तरी पकड जमली. ही पकड फार नेमकी असती तर हे शक्यच नव्हतं.

२०११ मध्ये सिअ‍ॅटलच्या शास्त्रज्ञांनी यीस्टच्याच जीसीएन४ या अ‍ॅक्टिव्हेटरची त्याच्या मेड१५ या भागीदाराशी होणारी भेट तपासली. मेड१५ वर एक उथळ, तेलकट खोबण आहे. जीसीएन४ चा छोटासा पेच तिच्यात बसतो, पण एकाच दिशेनं नाही. कधी सरळ, कधी उलटा, कधी तिरका, आणि क्षणात सुटून पुन्हा बसतो. एकेक भेट दुबळी. पण अशा अनेक खोबणी आणि अनेक पेच एकाच वेळी जवळ असले, की एकूण पकड टिकते. या रचनेला शास्त्रज्ञ ‘धूसर’ जोड म्हणतात. मला त्यात शहाणपण दिसतं. घट्ट पकड सोडवायला वेळ लागतो, आणि पेशीला जीन जसा पटकन चालू करायचा असतो तसा पटकन बंदही करायचा असतो.

पण याच रचनेत तिचं दुबळेपणही आहे. दुबळ्या भेटी संख्येवर तगतात. पेशीत अ‍ॅक्टिव्हेटर किती, भागीदार किती, त्यांना आणखी कुठे बोलावणं आहे, डीएनएवरची जागा मोकळी आहे की मिथाइल गटांनी झाकलेली, यातल्या प्रत्येक गोष्टीनं हिशेब हलतो. कोवळ्या पानातली पेशी आणि पिकत्या बोंडाच्या सालीतली पेशी यांच्यात ही मंडळी सारखी नसतात. ऑस्ट्रेलियात हंगामभर केलेल्या मोजणीत पाती लागल्यानंतर क्राय१एसीचा आरएनएच घटलेला दिसला. चीनमधल्या अभ्यासांतही तसंच आढळलं. म्हणजे गळती प्रथिनाच्या टप्प्यावर सुरू होत नाही, वाचनापासूनच सुरू होते. सगळा दोष वाचनाचा आहे असं मात्र नाही. बोंडं भरताना झाड नत्र तिकडे वळवतं, प्रथिनं बनवणंच मंदावतं. पाणी साचलं, उष्मा वाढला, जमीन खारट असली तरी विष कमी पडतं, असं प्रयोगांत दिसलेलं आहे. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा ज्यानं पाहिलाय, सप्टेंबरच्या झडीत तिथं साचणारं पाणी ज्यानं पाहिलंय, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

त्यात आपण कापूस घेतो संकरित. जगात बहुतेक ठिकाणी बीटी कापसाचे सरळ वाण आहेत, त्यात जीनच्या दोन्ही प्रती असतात. आपल्या संकरित झाडात सहसा एका पालकाकडून आलेली एकच प्रत असते. झाड बीटी असतं, पण त्याच्या बोंडातली सरकी ही पुढची पिढी. मेंडेलच्या नियमानं दर चार सरक्यांत एकीत तो जीन नसतो. बीजी-२ म्हणजे बोलगार्डच्या दुसऱ्या आवृत्तीत दोन विषांचे दोन जीन, म्हणून सोळांत एक सरकी दोन्हींविना. सरकीमागून सरकी खाणाऱ्या अळीला एकाच बोंडात पूर्ण डोस, अर्धा डोस आणि बिनविषारी घास, सगळं मिळतं. प्रतिकारशक्ती वाढवायची कुणी मुद्दाम योजना आखली असती, तर ती याहून फार वेगळी झाली नसती. प्रतिकारशक्ती लांबावी म्हणून पाकिटासोबत मिळालेल्या बिगरबीटीच्या १२० ग्रॅमच्या पुडीचं आपण बांधावर काय केलं, ते विचारण्यात अर्थ नाही.

अळीनं डाव साधला तोही आरएनएच्याच टप्प्यावर. क्राय१एसी तिच्या आतड्यातल्या कॅडहेरिन या प्रथिनाला धरतं आणि तिथून पुढे आतड्याला भोकं पडतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारतातल्या शेतांमधून गोळा केलेल्या प्रतिकारक्षम अळ्यांत कॅडहेरिनचा आरएनए भलत्याच ठिकाणी कापून जोडलेला आढळला, तोही अनेक तऱ्हांनी. दुसऱ्या विषापासूनही ती पुढे निसटली. २००९-१० मध्ये सौराष्ट्रात पहिल्या विषाविरुद्धची तिची प्रतिकारशक्ती नोंदली गेली होती. २०१७ च्या हंगामात तिनं यवतमाळपासून अकोल्यापर्यंतचा कापूस पोखरला. त्याच मोसमात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले. अळीवरचा फवारा कमी व्हावा म्हणून आलेल्या बियाण्याच्या शिवारात हे घडलं.

कापसाचं नशीब अशा भेटींवर ठरतं, हे बीटीपुरतंच नाही. रुईचा प्रत्येक धागा म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी, दोन-तीन सेंटिमीटर लांब झालेली. फूल उमलतं त्याच सुमारास ती सालीवरून वर येते आणि दोन-तीन आठवडे लांबत राहते. शांघायच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं, की हॉक्स३ नावाचा अ‍ॅक्टिव्हेटर या लांबीमागे आहे. त्याला एचडी१ हा भागीदार भेटला, की पेशीची भिंत सैल करणारे जीन जोरात वाचले जातात. पण एसएलआर१ नावाचं प्रथिन हॉक्स३ ला आधीच धरून बसतं आणि ती भेट होऊ देत नाही. जिबरेलिन हे संप्रेरक आलं की एसएलआर१ चा नाश होतो, हॉक्स३ मोकळा होतो, धागा वाढू लागतो. हॉक्स३ दाबला तर धागा आखूड राहतो.

एकोणिसाव्या शतकात अमरावतीचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात ‘ऊमरा’ नावानं विकला जायचा. आखूड धाग्याचा माल म्हणून व्यापारी नाकं मुरडायचे, पण अमेरिकेत यादवी पेटली तेव्हा त्याच्याचसाठी रांगा लागल्या. लांब धाग्याचा ध्यास वऱ्हाडला तेव्हापासूनचा. १९६९ मध्ये अकोल्यात पंजाबराव देशमुखांच्या नावानं कृषी विद्यापीठ झालं आणि तिथून निघालेलं पीकेव्ही हायब्रीड-२ कोरडवाहू शेतकऱ्यानं वर्षानुवर्षं लावलं. पैदासकार धागा बोटांनी ओढून, यंत्रावर मोजून निवड करत होते. हॉक्स३ चं नावही कुणाला ठाऊक नव्हतं, तरी निवड त्याच्या आणि त्याच्या सोबत्यांच्या मेळाचीच होत असणार, असं मला वाटतं.

आता चोरबीटी. १० जून २०१९ रोजी अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीर इथं शेतकरी संघटनेनं जाहीर सत्याग्रह केला. ललित बहाळे यांच्या शेतात, जमलेल्या शेतकऱ्यांसमोर, मंजुरी नसलेलं तणनाशक-सहनशील बियाणं, म्हणजेच चोरबीटी, पेरलं गेलं. पुढे गुन्हे नोंदवले गेले. निंदणीला मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. हे त्यामागचं कारण खोटं नाही. महिकोनं या तंत्राच्या मंजुरीचा अर्ज २०१६ मध्येच मागे घेतला होता. बियाणं मात्र मागे फिरलं नाही.

माझ्या दृष्टीनं यात शिकण्यासारखं वेगळंच आहे. तणनाशक सोसणाऱ्या कापसाची पहिली आवृत्ती अमेरिकेत १९९७ मध्ये आली तेव्हा पिकावरून फवारणी चार पानांपर्यंतच चालायची. त्यानंतर फवारलं तर परागकोशांना इजा होऊन बोंडं गळायची, कारण फुलाच्या त्या भागात जीन पुरेसा वाचला जात नव्हता. कंपनीनं जीन तोच ठेवला, प्रमोटर बदलला. विषाणूच्या तुकड्यांना अरॅबिडॉप्सिस या रोपट्यातल्या अशा दोन जीनांचे प्रमोटर जोडले, जे प्रत्येक जिवंत पेशीला रोज लागतातच. त्यांना धरणारे अ‍ॅक्टिव्हेटर फुलातही हजर असतात. २००६ मध्ये आलेली नवी आवृत्ती फुलोऱ्यातही फवारा सोसू लागली. म्हणजे वाचनाचा प्रश्न कंपनीला माहीत होता आणि सोडवताही येत होता. बोंडाच्या सालीत विष कमी पडतंय, हे कागदावर येऊन वीस वर्षं झाली. तिथं ही हुशारी का वापरली गेली नाही, हे विचारायला हवं.

चोरबीटी ओळखायची पट्टी अनेकांनी पाहिली असेल. पानाचा नखाएवढा तुकडा छोट्या नळीत द्रावणात चुरडायचा, पट्टी बुडवायची, काही मिनिटांत एक रेघ उमटली तर नाही, दोन उमटल्या तर आहे. कायद्याला एवढं पुरतं. पण शेताचं काम त्यानं भागत नाही. ‘आहे’ म्हणजे किती? कुठल्या अवयवात? कितव्या दिवशी? देशात हजाराहून जास्त बीटी संकरित वाणांना मंजुऱ्या मिळाल्या. जीन सगळ्यांत तोच, पण तो वाचणारी प्रथिनं प्रत्येक वाणाची आपापली. क्रांती यांच्या तक्त्यात वाणावाणांत फरक दिसला होता, त्याचं नवल वाटायला नको होतं.

पाकिटावर उगवणक्षमता असते, शुद्धता असते, वजन, किंमत आणि झळाळत्या बोंडाचं चित्र असतं. नव्वदाव्या आणि एकशेविसाव्या दिवशी बोंडाच्या सालीत दर ग्रॅमला किती मायक्रोग्रॅम विष, हा आकडा मला तिथं हवा आहे, कोरडवाहूसाठी वेगळा आणि ओलितासाठी वेगळा. एलायझा ही प्रथिन मोजायची तपासणी काही दुर्मीळ विद्या राहिलेली नाही. कृषी विद्यापीठ अकोल्यात, महाबीजचं मुख्यालय अकोल्यात, कापूस संशोधन संस्था नागपुरात. मोजायला माणसं आहेत, शिवार तर आहेच. असा तक्ता मे महिन्यात, बियाणं दुकानात यायच्या आधी छापला, तर कुठला वाण लवकर आटोपायचा आणि कुणाच्या नादी फरदडीपर्यंत लागायचं नाही, हे शेतकरी स्वतः ठरवील. तोवर हातात आहे ते एवढंच : कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले की आठवड्याला वीस हिरवी बोंडं फोडून बघायची, आणि डिसेंबर सरताना पऱ्हाटी उपटून टाकायची.